मुलांना शिकवताना आपलं काय दिसतं? मोठ्यांनी स्वतःचं निरीक्षण कसं करायचं?

रानजाई

३ ते ६ वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आणि घरात या वयाचं मूल असणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. मुलांना काय शिकवावं यावर भरपूर लिहिलं जातं. शिकवणाऱ्या माणसाचं त्या वेळी काय चाललेलं असतं, यावर मात्र "संयम हवा" यापलीकडे सहसा कोणी जात नाही. संयम कुठे सुटतो, कोणत्या मुलाशी वागताना सुटतो, हात आधी सुटतो की तोंड, हे कळल्याशिवाय तो सल्ला वापरायचा कसा?

या वयाच्या मुलाचं काम सावकाश चालतं आणि मोठ्यांची भीड ठेवून ते आपला वेग बदलत नाही. त्यामुळे आपल्या सवयी त्याच्यासमोर फार लवकर बाहेर येतात. अडचण अशी की त्या क्षणी आपलं लक्ष मुलाकडे असतं, स्वतःकडे नसतं. आणि रात्री आठवून लिहायला बसलं की जसं वागायला हवं होतं तसंच वागल्याचं आठवतं. म्हणून आधी नोंद कशी करायची त्याबद्दल.

एकच कृती निवडा. पाणी ओतणं, बटणं लावणं, ठोकळे रचणं, काहीही चालेल. फोन फळीवर टेकवून १० ते १५ मिनिटं चित्रण करा. चौकटीत मुलाचे हात आणि तुमचे हात दोन्ही यायला हवेत, चेहरे नाही आले तरी बिघडत नाही. शाळेत करणार असाल तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

पहिल्या फेरीत नुसतं बघा, काही लिहू नका. स्वतःचा आवाज ऐकून बहुतेकांना कसंतरीच होतं आणि पहिली फेरी त्यातच जाते. दुसऱ्या फेरीत कागदावर चार रकाने आखा: सूचना, प्रश्न, शाबासकी आणि नुसतं वर्णन. तुमच्या प्रत्येक वाक्याला एक रेघ. तिसऱ्या फेरीत आवाज बंद करा आणि फक्त हात बघा. वस्तूला आधी हात कोणी लावला? तुमचा हात पुढे आला तो मुलाने मागितल्यावर, की त्याआधीच?

सूचनांचा रकाना अपेक्षेपेक्षा बराच जास्त भरतो आणि वर्णनाचा जवळजवळ रिकामा राहतो, हे सर्रास दिसतं. पण नुसत्या बेरजेवर थांबू नका. सूचनांची गर्दी कोणत्या मिनिटाला वाढली आणि त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, ते शोधा. तिथेच खरी माहिती असते.

तुम्ही काय बघता, कसं बघता, त्यात कुठे चुकतं, ते लिहा.


तिठा

प्रश्नांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना जोडा: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून हा वेळ मोजला. शिक्षक प्रश्न विचारून साधारण १ सेकंद थांबत आणि लगेच पुढे बोलत. तोच वेळ ३ सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरं लांब व्हायची, गप्प बसणं कमी व्हायचं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायची. ही मुलं शाळकरी होती. तीन-चार वर्षांच्या मुलाला मनातलं शब्दांत मांडायला याहून वेळ लागतो. ५ ते ७ सेकंद धरून चाला.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात तीन ठिकाणी बिघडतं.

एक, आपण गप्प राहतो पण चेहरा बोलत असतो. भुवया वर, मान पुढे, ओठ उत्तराच्या पहिल्या अक्षराच्या आकारात. मूल मग प्रश्नाचा विचार सोडून तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं. उपाय असा की प्रश्न विचारल्यावर नजर वस्तूवर ठेवा, मुलाच्या तोंडाकडे नको.

दोन, तोच प्रश्न आपण वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो. आपल्याला वाटतं सोपा करून दिला. मुलाच्या दृष्टीने तो नवा प्रश्न असतो, आणि आधीची जुळवाजुळव मोडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: आपण सगळ्या मुलांसाठी सारखं थांबत नाही. रो यांनाही हे दिसलं होतं. शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांच्यासाठी जास्त थांबत, आणि ज्यांना जास्त वेळ हवा त्यांच्या वाट्याला कमी सेकंद येत. म्हणून सरासरी काढू नका, मुलागणिक सेकंद लिहा. कोणत्या मुलाकडून आपण मनातल्या मनात काही अपेक्षाच ठेवलेली नाही, हे त्या आकड्यांतून कळतं. ते वाचणं जड जातं, पण एरवी कळायला दुसरा मार्ग नाही.


ओंजळ

रानजाई ताई, आवाज बंद करून हात बघण्याची फेरी फार मोलाची आहे. मी फक्त त्यावरच लिहिते, आणि एकाच कृतीवर: एका जगमधलं पाणी दुसऱ्यात ओतणं.

साहित्य: कान असलेले, पन्हळीसारखी चोच असलेले दोन सारखे छोटे जग, प्रत्येकी साधारण २०० मिली मावेल असे. एकात १०० मिलीच्या आसपास पाणी. काठ असलेला ट्रे. मुलाच्या मुठीत मावेल एवढाच स्पंज. मोठा स्पंज त्याला पिळता येत नाही आणि मग पुसणंही मोठ्यांवर येतं. अगदी सुरुवातीला पाण्याऐवजी कोरडे दाणे घ्या.

दाखवताना: उजव्या हाताने काम करत असाल तर मुलाच्या उजवीकडे बसा, म्हणजे तुमचा दंड मध्ये येत नाही. दाखवताना बोलू नका. बोललात तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं आणि हात निसटतात. जग उचलणं, दुसऱ्या हाताचा आधार, चोच दुसऱ्या जगच्या मधोमध आणणं, तिरका करणं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबणं, सरळ करणं, खाली ठेवणं. प्रत्येक टप्प्यानंतर क्षणभर थांबा. मग जग मुलाकडे सरकवा आणि हात मांडीवर घ्या.

आता पाणी सांडतं. कधी चोच मध्यावर नसते, कधी दुसऱ्या हाताचा आधार सुटतो, कधी जग गळ्यापर्यंत भरलेला असतो आणि मनगट तो पेलत नाही. पण चित्रण हळू चालवून बघितलंत तर चौथं कारण सापडेल. जग तिरका होत असताना मोठं माणूस श्वास आत ओढतं. मूल तो आवाज ऐकून वर बघतं. डोळे पाण्यावरून हटले की पाणी सांडलंच. आपल्याला वाटतं की ते सांडणार होतं म्हणून आपण दचकलो, पण बरेचदा क्रम उलटा असतो.

मांडीवरचे हात याच वेळी पुढे जातात. का जातात हे स्वतःला विचारून कळत नाही, कारण "फुटेल म्हणून" हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी कारणं एकेक काढून टाका.

पहिल्यांदा काचेऐवजी प्लास्टिकचे जग घ्या. तरीही हात पुढे गेला, तर फुटण्याची भीती हे कारण नव्हतं.

मग खाली मोठं फडकं अंथरा, कपडे भिजले तरी चालतील असे घाला. तरीही गेला, तर पसाऱ्याचाही प्रश्न नव्हता.

मग पुढे अर्धा तास काहीही ठरलेलं नाही अशी वेळ निवडा. तरीही गेला, तर घाईही नव्हती.

एवढं सगळं काढल्यावरही हात जात असेल, तर उरतं ते एवढंच की काम आपल्या मनातल्या पद्धतीने व्हायला हवं आहे, किंवा समोरच्याची धडपड आपल्याला बघवत नाही. या दोन्हींत फरक आहे. पहिल्यात मूल यशस्वी झालं तरी आपण जग "नीट" करून ठेवतो. दुसऱ्यात आपण फक्त ते अडखळत असताना हात घालतो आणि जमलं की निवांत होतो. कुठलं आपलं आहे ते चित्रणात स्पष्ट दिसतं.

प्रत्येक पायरीला किमान तीन-चार वेळा बघा. एकदा हात गेला यावरून काही ठरवू नका.


अवधूत

ओंजळ, कारणं एकेक काढून टाकण्याची पद्धत आवडली. पण एक धोका सांगतो. असं वाचून काही जण हात कायमचे मांडीवर ठेवतात आणि मूल रडकुंडीला आलं तरी "करू दे त्याचं त्याला" म्हणतात. मदत न करणं हाही कधीकधी स्वतःचाच हट्ट असतो.

वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना २१ लाकडी तुकड्यांचा मनोरा रचायला दिला होता. शिकवणारी व्यक्ती काय काय करते ते त्यांनी मांडलं: मुलाचं लक्ष कामाकडे आणणं, काम आटोक्यात येईल इतकं सोपं करणं, ध्येयावरून हटू न देणं, महत्त्वाची खूण दाखवणं, वैताग सांभाळणं, करून दाखवणं. वुड यांच्याच कामातून पुढे आलेला नियम वापरायला सोपा आहे: मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवा, जमलं तर एक पायरी कमी करा.

पायऱ्या पाच. जाकिटाची चेन लावण्याचं उदाहरण घेऊ.

१. नुसतं सुचवणं: "आता काय राहिलं?"
२. नेमकं सांगणं: "हे टोक त्या खाचेत घाल."
३. बोट दाखवणं: ही खाच, हे टोक.
४. तयारी करून देणं: खालचं टोक खाचेत बसवून, चेनचा खालचा भाग ताणून धरणं. वर ओढायचं काम मुलाचं.
५. करून दाखवणं, पुन्हा उघडणं, आणि मुलाच्या हातात देणं.

आता तुमच्या चित्रणातली प्रत्येक मदत १ ते ५ मध्ये लिहून काढा. बऱ्याच मोठ्या माणसांकडे दोनच आकडे सापडतात, १ आणि ५. आधी नुसतं "कर, कर, जमेल" आणि मग एकदम स्वतःच करून मोकळं होणं. मधल्या तीन पायऱ्या गायब. १ वरून ५ वर उडी किती सेकंदांनी पडली तेही लिहा. शिवाय ५ नंतर चेन पुन्हा उघडून दिली का? नसेल तर ते शिकवणं नव्हतं, काम उरकणं होतं. उरकणंही कधी कधी लागतंच, त्यात काही गैर नाही, फक्त त्याला शिकवणं समजू नये.

माझ्या मते ४ ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. चेनमध्ये अवघड भाग खालचं टोक बसवण्याचा असतो, त्याला दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करावं लागतं. वर ओढणं त्या मानाने सोपं. अवघड भाग आपण आणि शेवटचा भाग मुलाने केला, तर काम पूर्ण झाल्याचं समाधान त्याला मिळतं आणि खालचं टोक शिकायला ते पुन्हा येतं.


ओंजळ

अवधूत, अनुमोदन. मांडीवर हात ठेवणं हे निरीक्षणापुरतं. मुलाने मागितल्यावर किंवा ते खरंच अडल्यावर मदत करायचीच. अडल्याची खूण म्हणजे तीच चूक तशीच, काहीही न बदलता, दोन-तीनदा होणं. दर वेळी थोडं वेगळं करून बघत असेल तर ते अडलेलं नाही, शोधतं आहे. ते कितीही वेडंवाकडं दिसलं तरी थांबा.


कवडसा

शाबासकीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग: बालवाडीतली, स्केचपेनने चित्रं काढायला मुळात आवडणारी मुलं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीसपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटाची मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांजवळ गेली. बक्षीस आणि तोंडी शाबासकी एकच नव्हे, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा "छान!" वर लावू नका. पण आपण शाबासकी कशासाठी देतो हे तपासायला त्यातून एक चांगला प्रश्न मिळतो: ती नसती तर मूल थांबलं असतं का?

चित्रणात "छान", "वा", "शाब्बास" कुठे कुठे आलं ते बघा आणि त्याच्या आधीचे पाच सेकंद पुन्हा ऐका. साधारण चार जागा सापडतात. मुलाने खरंच काही नवं केलं. शांतता पसरली होती आणि ती आपल्याला सहन झाली नाही. आपलं लक्ष नव्हतं आणि मुलाने कागद समोर धरला. किंवा आपल्याला ते काम संपवायचं होतं. उरलेल्या तीन जागांत "छान" हा शब्द मुलासाठी नसतो, आपली अडचण सोडवण्यासाठी असतो.

बदल म्हणून जे दिसतं ते सांगा: "झाकण फिरवून घट्ट बसवलंस", "निळ्यावर पिवळा लावलास, तिथे हिरवा झाला". दोन गोष्टी जपा. मूल एकाग्र असताना वर्णनही करू नका, ते धावतं समालोचन होतं आणि काम मोडतं. आणि वर्णन शाबासकीच्या सुरात म्हटलं तर ते शाबासकीच राहतं.


मोहर

कवडसा, हे पटलं तरी मोजून मापून बोलणारी मोठी माणसं मुलांना परकी वाटतात. कागद घेऊन धावत आलेल्या तीन वर्षांच्या पोराला तुमच्या डोळ्यांतला आनंद हवा असतो. "तू इथे तीन रेघा मारल्यास" ऐकून त्याचा चेहरा पडतो.


कवडसा

बरोबर आहे. आनंद झाला तर तो दाखवावाच, तोंडभरून दाखवावा. सवय सोडायची आहे ती न बघता बोलायची. कागद घ्या, खाली बसा, दोन-तीन सेकंद खरंच बघा, मग जे येईल ते बोला. बघून आलेलं "वा!" मुलाला ओळखता येतं.


पायवाट

खेळण्यांच्या बाबतीत दाखवण्याचा उलटा परिणामही होतो. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना चार वेगवेगळ्या करामती असलेलं एक खेळणं दिलं. काहींना मोठ्या माणसाने "हे खेळणं असं चालतं" म्हणून एकच करामत दाखवली. काहींसमोर तीच करामत चुकून झाल्यासारखी घडली. ज्यांना मुद्दाम दाखवलं ती मुलं कमी वेळ खेळली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. जाणत्या माणसाने एकच दाखवलं म्हणजे एकच असणार.

दुसरीकडे हॉर्नर आणि व्हाइटन यांनी २००५ मध्ये दाखवलं की ३-४ वर्षांची मुलं पारदर्शक पेटी उघडतानाही मोठ्यांच्या अनावश्यक हालचाली जशाच्या तशा करतात. चिंपांझी त्या गाळून टाकतात.

म्हणजे दाखवताना आपण काय काय दाखवतो याचा आरसा मुलाच्या हातातच असतो. ओंजळ यांच्या पाण्याच्या कृतीत मूल ओतायच्या आधी जग दोनदा टेबलावर टेकवत असेल, तर चित्रण मागे नेऊन बघा, ते तुमच्याच हातात सापडेल. हे शोधायला सोपं आणि फार उपयोगी आहे: मुलाच्या हालचालींची यादी करायची आणि आपल्या हालचालींशी ताडून बघायची.

ज्यात ठरलेला क्रम किंवा इजा होण्याची शक्यता आहे ते दाखवावं: कात्री, चेन, काच हाताळणं. ज्याचे पुष्कळ उपयोग निघू शकतात ते आधी दाखवू नये: ठोकळे, माती, वाळू, रंग. ज्यांना ठोकळेसुद्धा "असे रचायचे" दाखवल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी दहा मिनिटं शेजारी बसून स्वतः वेगळं काहीतरी रचावं. मुलाच्या ठोकळ्यांना हात न लावता. किती वेळा बोलावंसं वाटलं त्याच्या रेघा मारा.


रानजाई

पायवाट, याला जोडून. बाहुलीशी खेळताना मूल ज्या सुरात बोलतं त्यातही आपला सूर सापडतो. मुलाकडे अर्धवट पाठ फिरवून, काहीतरी लिहीत बसा आणि वाक्यं शब्दशः टिपा. फक्त एकेका वाक्याचा पुरावा करू नका. मुलं मोठ्या भावंडांकडून, पडद्यावरूनही उचलतात आणि रागावणारी भूमिका त्यांना करायला मुळातच आवडते. वारंवार येणारं वाक्य तेवढं घ्या.


सुगी

रागाची नोंद कशी ठेवायची? तो आलेला असताना चित्रण वगैरे सुचत नाही.


निरंजना

सुगी, रागाची नोंद नंतरच होते, पण त्याच दिवशी आणि ठरावीक चौकटीत केली तर ती विश्वासार्ह राहते. पाच गोष्टी लिहा: वेळ, मुलाने नेमकं काय केलं (विशेषण न लावता), त्याआधीच्या तासाभरात तुमचं खाणं-झोप-काम कसं होतं, शरीरात पहिली खूण कुठे आली, आणि त्या वेळी दुसरं कोण बघत होतं.

दुसरा रकाना भरताना कस लागतो. "हट्टीपणा केला" असं लिहायचं नाही, "तिसऱ्यांदा बोलावल्यावरही चपला घातल्या नाहीत" असं लिहायचं. असं लिहिलं की कित्येकदा रागावण्यासारखं फार काही उरतच नाही.

शेवटचा रकाना मात्र वगळू नका. तीच कृती घरात कोणी नसताना चालते आणि पाहुणे, दुसरे पालक किंवा वरिष्ठ समोर असताना चालत नाही, हे नोंदींत सातत्याने दिसू लागतं. तेव्हा आपण मुलाला वळण लावत नसतो, आपलं वजन सांभाळत असतो. रोममध्ये १९०७ साली आपलं पहिलं बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी शिक्षकाच्या तयारीबद्दल लिहिताना राग आणि गर्व या दोन दोषांवर एकत्रच बोट ठेवलं होतं. नोंदवही चाळताना ही दोन्ही एकत्र का येतात ते कळतं.

ऐन वेळी करायचं ते थोडकं आणि शारीरिक असावं. हातातली वस्तू खाली ठेवा. गुडघे टेकून मुलाच्या उंचीवर या. श्वास आत घेण्यापेक्षा लांब सोडा. चार-पाच शब्दांत बोला, "थांब. हात खाली." राग चढलेला असताना समजावून सांगायला लागलो की वाक्यं लांबतात, आवाज चढतो आणि मुलाला पहिल्या वाक्यानंतर काही ऐकू येत नाही.

आवाज चढलाच तर नंतरची दुरुस्ती महत्त्वाची. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला की तान्ही बाळं तिला परत आणायचा आटापिटा करत आणि जमलं नाही की तोंड फिरवत. त्यांच्या पुढच्या कामातून हेही समोर आलं की चांगल्या नात्यातही सूर सारखे चुकतातच. ते पुन्हा जुळतात का हे जास्त मोलाचं.

दुरुस्ती तीन वाक्यांत होते. काय झालं: "मी मोठ्याने ओरडले." ते कोणाचं: "मला राग आला होता, ओरडणं माझं चुकलं." पुढे काय: "चल, पाणी दोघं मिळून पुसू." यात बिघडतं ते असं: पाठोपाठ "पण तूही ऐकत नाहीस" येतं आणि माफी परत घेतली जाते. किंवा माफी इतकी लांबते की मूलच आपली समजूत काढू लागतं. किंवा खाऊ देऊन विषय मिटवला जातो. नियम मात्र तसाच ठेवा. ओरडल्याबद्दल वाईट वाटलं म्हणून नियमातून सूट दिली तर मुलाचा गोंधळ होतो.


तिठा

निरंजना यांच्या नोंदीसारखीच "नको" या शब्दाची नोंद करता येते. एका तासात जेवढे "नको", "थांब", "असं नाही" म्हटले ते सगळे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच कारण: इजा, दुसऱ्याचं किंवा वस्तूचं नुकसान, माझी गैरसोय, किंवा नुसती सवय.

इजा आणि नुकसान राहू द्या, ठामपणे राहू द्या. गैरसोय खरी सांगा: "मला हा आवाज आता सहन होत नाही, बाहेर वाजव." ती नियमाच्या वेशात मांडली की मूल "का?" विचारत राहतं आणि आपण कारणं रचत राहतो. चौथ्या प्रकारातले "नको" सोडून द्या. त्यातले कित्येक आपल्याला लहानपणी लागू होते म्हणून आजही आपल्या तोंडात असतात. ती यादी वाचताना आपण कोणाच्या आवाजात बोलतो आहोत हे कळतं.


सुगी

नोकरी करणाऱ्या पालकांना हे सगळं सकाळच्या घाईत कसं जमणार?


अवधूत

सकाळच्या घाईत करूच नका. बूट घालायला शिकवायचं तर संध्याकाळी, बाहेर कुठे जायचं नसताना. सकाळी एकतर १० मिनिटं आधी सुरुवात करा, किंवा सरळ सांगा, "आज मी घालून देतो, संध्याकाळी तू घाल." वाईट असते ती मधली अवस्था: तोंडाने "तू घाल" म्हणायचं, डोळे घड्याळावर, आणि बूट अर्धा चढल्यावर हातातून ओढून घ्यायचा. मुलाला त्यातून एवढंच कळतं की त्याला दिलेलं काम कधीही काढून घेतलं जाऊ शकतं.

आठवड्यातून दोन वेळा १० मिनिटं, एवढ्यावर निरीक्षण सुरू करता येतं.


मोहर

आणि नोंदी जमल्यावर? पाच-सहा गोष्टी एकदम दिसतात आणि माणूस खचतो.


रानजाई

एकच घ्या. जी सगळ्यात सहज मोजता येते ती आधी, जी सगळ्यात लाजिरवाणी वाटते ती नको. दोन आठवडे तेवढीच. उदाहरणार्थ, "प्रश्नानंतर ५ सेकंद", किंवा "मदत करताना ४थी पायरी वगळायची नाही". मग तीच कृती, त्याच मुलाबरोबर, साधारण त्याच वेळी पुन्हा चित्रित करा. वेळ किंवा कृती बदलली तर तुलना होत नाही.

पहिले काही दिवस मूल उलट जास्त हाका मारेल, जास्त रडेल. आजवर तुमचा हात लगेच येत होता, तो येईनासा झाला की ते आणखी जोर लावून बघतं. हे ठाऊक नसलं की तिसऱ्या दिवशी लोक "नाही जमत" म्हणून सोडतात, आणि जोर लावला की हात येतो हेच मूल शिकतं.

दुसऱ्या मोठ्या माणसाला बघायला सांगणार असाल, मग तो जोडीदार असो वा सहकारी, तर काय मोजायचं ते आधी ठरवून द्या. "कसं वाटलं?" विचारलं तर मत मिळतं आणि मतावरून वाद होतात. "मी किती वेळा मध्ये हात घातला?" विचारलं तर आकडा मिळतो. बघणाऱ्याने त्या वेळी मुलासमोर एक शब्दही बोलायचा नाही, चर्चा मूल झोपल्यावर किंवा शाळा सुटल्यावर. पुढच्या वेळी भूमिकांची अदलाबदल करा, नाहीतर एकजण कायमचा परीक्षक होतो.

चित्रणं पंधरवड्याच्या तुलनेपुरती ठेवा. दोन्ही बघून आकडे वहीत उतरले की पुसून टाका, समूहांमध्ये पाठवू नका. वहीतही मुलाचं नाव न लिहिता खूण वापरा.


सुगी

धन्यवाद सगळ्यांना. रकान्यांचा नमुना कोणी एकत्र करून देईल का?


कवडसा

देते. एका पानावर उभे आठ रकाने: मिनिट, मुलाने काय केलं, मी काय बोललो/बोलले (सूचना, प्रश्न, शाबासकी, वर्णन यांपैकी एक), प्रश्न असल्यास किती सेकंद थांबलो, हात पुढे गेला का, मदतीची पायरी १ ते ५, "नको" असल्यास त्याचं कारण, आणि बघणारं कोणी होतं का. रागाची नोंद वेगळ्या पानावर ठेवा. १५ मिनिटांच्या चित्रणाला असं एक पान भरायला सुरुवातीला तासभर लागतो, सवय झाली की निम्म्या वेळात होतं. पहिल्या खेपेला आठही भरू नका, मिनिट, बोलणं आणि हात एवढे तीन पुरे.